सुपातली हाक

माघी अमावास्येची पहाट. आकाश अजून मोरपिशी, पाणी अजून शिशाच्या रंगाचं, आणि त्या दोघांच्या मधोमध काळं, कृष्णपाषाणी, निर्मनुष्य, निर्वृक्ष, निर्दय असं एक बेट. ओहोटी खोल खोल गेली होती. एरवी जे पाण्याखाली असतं ते सगळं वर आलं होतं, आणि उजेडाची वाट बघत ओलंचिंब पडून राहिलं होतं.

बेटाचा आकार सुपाचा. थट्टा नाही, हुबेहूब सूप! पूर्वेला, गावाकडे, उंच पाठ. दोन्ही अंगांनी उतरत गेलेल्या भिंती. आणि पश्चिमेला, भर समुद्राकडे, सताड उघडं तोंड. मधल्या खोलगटात भरतीचं पाणी शिरायचं, ओहोटीबरोबर निघून जायचं. गाव त्याला सूपच म्हणतं. तिथं बसून कोण काय पाखडतं देव जाणे. पण दाणा कुठला आणि कोंडा कुठला हे त्या पाखडणाऱ्याला कधी कळलेलं नाही, एवढं मी शपथेवर सांगते.

फार पुरातन ते. धरित्रीच्या उदरातला अग्नी समुद्रात येऊन विझला, तेव्हाचं. मग कधीतरी काषायवस्त्रधारी भिक्षू आले. त्यांनी कातळात गोड्या पाण्याचं टाकं खोदलं, पायऱ्या खोदल्या, शिलालेख खोदला, आणि निघून गेले. यवनांची गलबतं आली, मद्याचे रांजण फुटले, खापऱ्या राहिल्या, माणसं गेली. कुण्या राजाने आपल्या सख्ख्या भावाला तिथं नेऊन बसवलं म्हणतात, पाणी भरेपर्यंत. शिलालेखातला आता 'दान' एवढाच शब्द वाचता येतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, काय दिलं, ते सगळं खाऱ्या वाऱ्याने चाटून नेलं. एवढं पाहिलेलं बेट, पण दयामाया म्हणाल तर नखाएवढी नाही.

या सुपात कालवं मात्र अमाप. टपोरी, दुधाळ, कातळाला घट्ट डसलेली. मोठ्या उधाणाच्या दिवशीच सूप इतकं रितं व्हायचं, आणि त्या दिवशी गावातल्या कोळणी पहाटे होड्या घेऊन तिकडे निघायच्या. पुरुष जाळ्यांवर गेलेले. बायकाच वल्ही मारायच्या, बायकाच सुकाणू धरायच्या.

आणि बेटाचा रिवाज पाळायच्या. जाताना गात जायचं, येताना मुक्याने यायचं. बेटावर पाऊल टेकलं की कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, नात्यानेही हाक मारायची नाही. तिथं आई नाही, काकी नाही, नणंद नाही, लेक नाही. सगळ्याजणी फक्त 'गो'. कारण बेट ऐकतं म्हणे. जे नाव कानी पडेल, जे नातं कानी पडेल, ते पाठ करून ठेवतं. आणि होड्या सुटल्या की त्याच नावाने, त्याच नात्याने मागून हाका मारतं. त्या कातळात शतकानुशतकांचे बुडालेले आहेत, त्यांना सोबत हवी असते. जी ओ देईल, जी होडी वळवील, तिचं घर बुडालं.

मानकी नाखवीण या रिवाजाची राखणदार. रुंद मनगटाची, दणकट खांद्यांची, तोंडाने फटकळ बाई. तिची थोरली बहीण एकदा वळली होती, 'ओ' म्हणाली होती, आणि पुढच्याच पावसाळ्यात तिचा नवरा दर्यात गेला. तेव्हापासून मानकीने गावातल्या एकेका पोरीला हा रिवाज घोकवून घेतला होता. सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक, आपल्या पोटच्या पोरीला.

पोरीचं नाव पवळी. नावासारखीच, पोवळ्यासारखी लालस, तरतरीत, जराशी आळशी, आणि भलती मानी. शिमगा झाला की तिचं लग्न. मानकीच्या घरात यंदा एक नवी सूनही आली होती, यसू; डोंगराकडच्या गावची, नांगरधऱ्याची लेक. तिला पोहता येत नव्हतं, वल्हं धरता येत नव्हतं, आणि दर्याची भीती लपवताही येत नव्हती.

तर त्या पहाटे दोन होड्या निघाल्या. एक मानकीची, दुसरी तिच्या जावेची, धुरपीची. वल्ह्यांच्या तालावर, झुंजुमुंजू उजेडात, बायका खड्या आवाजात गात होत्या:

आलों गो दर्या, आलों तुझ्या दारी,
उघड तुझी काळी कवाडं, भर आमची दुरडी.

होड्या वळसा घालून पश्चिमेच्या उघड्या तोंडाशी लागल्या. गाणं थांबलं, आणि कातळावर कालवं फोडायच्या लोखंडाचा टकटकाट सुरू झाला. सूर्य सुपाच्या पाठीमागून वर आला. ओले खडक आधी जांभळे, मग तांबूस, मग नुसते झळझळीत झाले. बायकांच्या पाठी वाकलेल्या, हात रक्ताळलेले, टोपल्या भरत चाललेल्या. पवळीची मात्र अर्धीसुद्धा नाही.

"हात चालव गो!" मानकी कडाडली. "कालवं काय तुझ्या टोपलीत चालत येणार हायेत?"

"चालवतेय की."

"ह्याला चालवणं म्हणतात? शिमग्यानंतर सासरी जाशील, तिथली सासू माझ्या नावानं खडे फोडील!"

"मग नको पाठवूस." पवळी फणकारली. "आन् तुझ्या होडीत पुन्यांदा बसायची नाय मी. दुसऱ्या होडीतनं जाईन."

"जा, जा! माझं वल्हं तेवढंच हलकं."

झालं. एवढंच. रोजचीच कुरबुर, रोज एकमेकींना टाकून बोलायचं आणि रोज एकाच ताटात जेवायचं. मानकीचा जीव होता हो त्या पोरीवर. लग्नाच्या विचाराने तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती, आणि झोप न लागलेली बाई दिवसा करवादते, यात नवल ते काय! पण पोरीला ते दिसलं नाही, तिला फक्त शब्द लागले.

डोळे पुसत पवळी उठली. टोपली कडेवर घेऊन ती सगळ्यांपासून दूर गेली. डावीकडच्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथं कातळ फुटून कपारी झाल्या होत्या, जिथं कालवं झुंबडीने चिकटलेली होती, आणि जिथून ती कुणाला दिसत नव्हती. टोपली शिगोशीग भरायची, आईच्या पुढ्यात नेऊन आदळायची, आणि एक अक्षर बोलायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

टोपली भरत आली. हात लांबवून शेवटचं मोठं कालव फोडायला ती वाकली, आणि पायाखालचा धोंडा हलला. पाऊल घोट्याच्या वरपर्यंत कपारीत गेलं. मग तो धोंडा सावकाश, अगदी सावकाश, आपल्या जुन्या जागी परत बसला.

समुद्र वळला. आधी नुसती एक रेघ, रुपेरी, निरागस. मग सुपाच्या तोंडातून आत सरपटत येणारं पाणी. बायकांनी लगबगीने टोपल्या उचलल्या. धुरपीची होडी पहिल्यांदा भरली आणि सुटली. पवळी आईबरोबर आली होती, आईबरोबरच जाईल, धुरपीला विचारायचं कारणच काय? मानकीने इकडेतिकडे पाहिलं. लेक दिसली नाही. पुढची होडी भिंतीआड वळताना दिसली.

"ती... गो?" यसूने चाचरत विचारलं. नणंदेला तिथं वन्सं म्हणायचं नव्हतं, नाव घ्यायचं नव्हतं. बिचारीला दुसरं काही विचारताच येईना.

"गेली पुढं, फुगून," मानकी पुटपुटली. "घरी गेल्यावर काढीन फुगा." आणि तिने होडी पाण्यात लोटली.

सकाळची वेळ, मतलई वारा. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, थंड, खोडकर, बेपर्वा. आपला पाय आपणच सोडवू म्हणून पवळी इतका वेळ झटत होती; होड्या भिंतीआड गेल्या तेव्हा तिने हाक मारली. आधी हळू, लाजत, कारण फजितीच होती ती. मग जोरात. "गो! गो! गो!" आये म्हणाली नाही, काकी म्हणाली नाही, वहिनी, काही नाही. आईने घोकवलेलं तिने प्राणपणाने पाळलं. आणि वाऱ्याने ती शहाण्या मुलीची शहाणी हाक उचलली, आणि नेली, पश्चिमेला, जिथं कुणीच नव्हतं. अरे, काय म्हणावं या वाऱ्याला!

पाणी गुडघ्याला आलं. ती धोंडा ढकलत होती. पाणी कमरेला आलं. ती लोखंडाने कातळावर घाव घालत होती. लोखंड निसटलं आणि गेलं. पायाची सालटी निघाली, पाणी पायापाशी गुलाबी झालं, आणि पाऊल तिथंच. वर ऊन सोन्याचं, आकाश निळंभोर, एक समुद्रपक्षी भिंतीवर बसून निवांत पंख साफ करत होता. किती सुंदर सकाळ होती ती, मेली!

मग मतलई पडला. समुद्राचा वारा अजून उठायचा होता. दोन वाऱ्यांच्या मधली ती निःस्तब्ध घटका. लाटा नाहीत, झुळूक नाही, साऱ्या जलधीवर तेल ओतल्यासारखी शांतता. अशा वेळी आवाज दूरवर जातात, आणि दूरचे आवाज येतात. नेमकं त्याच वेळी पाणी पवळीच्या छातीशी आलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेला रिवाज तिच्या हातून सुटला.

"आये! आये गो! आये!"

उलट्या वाऱ्याने रखडलेली मानकीची होडी अजून बेटाच्या पाठीमागे, गावाच्या वाटेवर होती. हाक आली. त्या वक्र, विशाल, काळ्या भिंतींनी ती आधी आत घोळवली, घुमवली, फुगवली, आणि मग वरून बाहेर टाकली. एका कंठाची हाक शंभर कंठांची झाली. होडीतल्या बायकांची वल्ही हवेत थांबली. कुणीतरी पदर तोंडावर घेतला. मागे बघायची कुणाची छाती झाली नाही.

यसू तेवढी वळली. तिला दिसली सुपाची उंच, सपाट, मुकी पाठ. दुसरं काही नाही.

"आत्याबाय," ती म्हणाली, "वन्सं हायेत त्या."

"गप."

"अवो, पवळी वन्संचाच आवाज हाय. होडी फिरवा."

"ती म्होरल्या होडीत हाय."

"तुमी बघितलंत का बसताना?"

मानकीने ओल्या हाताची थप्पड सुनेच्या तोंडावर मारली. होडी डुचमळली.

"ऐक," ती म्हणाली. "माझी पोर बेटावर मला आये म्हणायची नाय. मी शिकवलंय तिला. मरंल, पण म्हणायची नाय. ते बेट हाय."

ऐकलंत? केवढा विश्वास हो लेकीवर! सकाळी जिच्यावर कडाडली, जिला टाकून बोलली, तिच्या गुणावर आईचा इतका भरवसा की त्या भरवशापायी तिने होडी वळवली नाही. पवळी जर 'गो' म्हणतच राहिली असती तर मानकीने वल्हं मोडेस्तोवर मारलं असतं, दर्या फाडून मागे गेली असती. पण घाबरलेलं लेकरू आईला दुसरं काय म्हणणार?

"आये! पाय अडकलाय गो! पानी आलंय!"

"बघा, बघा," यसू रडायला लागली. "पाय अडकलाय म्हणतायत."

"त्यातले बुडालेले दुसरं काय म्हणतील?" मागच्या बाईने यसूचं मनगट आवळलं. "तू नवी हाईस. खाली बस. सगळ्यांच्या घरात पुरुष माणसं दर्यावर हायेत." आणि नव्या सुनेचा शब्द तो काय! यसू खाली बसली. तिचीही भीती तिला खाली ओढतच होती; बेट खरंच बोलत असेल तर, हा विचार तिच्याही मनात आला, आणि तो आला म्हणून पुढे ती स्वतःला कधी क्षमा करू शकली नाही.

हाका येतच राहिल्या. आये, आये, आये. मानकीच्या वल्ह्याचा ताल चुकू लागला. तिला कळत होतं ते बेट आहे. पण तिच्या स्तनांना कळत नव्हतं, तिच्या पोटाला कळत नव्हतं. आणखी एक हाक आली असती तर ती वळली असती. आणि वळली तर घर बुडणार. समुद्रावर गेलेला मुलगा जाणार, लग्न ठरलेली लेक जाणार. लेकीला वाचवायचं म्हणून, हो, लेकीलाच वाचवायचं म्हणून, तिने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. परतीच्या वाटेवरचं मौन तिने मोडलं. ती हाक कानी पडू नये म्हणून, डोळे मिटून, छाती फोडून, ती गाऊ लागली:

आलों गो दर्या, आलों तुझ्या दारी...

बायकांनी सूर धरला. यसू सोडून सगळ्याजणी गाऊ लागल्या, भीतीने, आक्रोशाने, वल्ह्यांच्या दणक्यावर. होडी तीरासारखी गावाकडे सुटली.

आणि सुपात, गळ्यापर्यंत पाण्यात, पवळीने ते गाणं ऐकलं.

गाणं! म्हणजे येतायत! बेटाकडे येतानाच तर गातात, घरी परतताना कुणी गात नाही. जन्मापासून तिने पाहिलेलं, कधी चुकलं नव्हतं. आईने ऐकलं! आई वळली! तिच्या अंगातलं सगळं भय त्या एका क्षणात ओसरलं. ती हसली. सकाळचं भांडण आठवून तिला लाज वाटली. आता आई येणार, दोन शिव्या देणार, धोंडा एका हिसक्याने उलथणार. आईच्या मनगटात तेवढी ताकद आहे. पाणी हनुवटीला लागलं तशी तिने मान वर केली, तोंड आकाशाकडे केलं, आणि मी इथं आहे, इकडे ये, हे आईला कळावं म्हणून ती गाऊ लागली.

तिला वाटलं, सूर जवळ येतोय. तो लांब जात होता.

मग समुद्राचा वारा उठला. पहिली मोठी लाट सुपाच्या तोंडातून आत आली, निळी, पारदर्शक, डौलदार. पवळीच्या ओठांवर अर्धी ओळ होती.

किनाऱ्यावर धुरपी कालवं निवडत बसली होती. मानकीने होडी ओढता ओढताच विचारलं, "पवळी कुठं गेली? रुसूबाई अजून रुसलेलीच का?"

धुरपीने मान वर केली. "माझ्यासंगं कुठं? तुझ्या होडीत ना?"

  मानकीच्या तोंडातून एक आवाज निघाला. तसा आवाज त्या किनाऱ्याने गुरांच्याही तोंडून ऐकला नव्हता. तिने होडी तशीच, टोपल्यांसकट, परत पाण्यात लोटली. धुरपीने उडी मारून दुसरं वल्हं धरलं. यसूही चढली, पोहता न येणारी, थप्पडीचा वळ गालावर घेऊन.

भर दुपारी त्या पोहोचल्या. भरती पुरी झाली होती. सूप काठोकाठ भरलं होतं. निळं, तुडुंब, संथ, सोन्याच्या कवडशांनी नटलेलं, एवढं रमणीय की बघत राहावं. मानकीने उडी घेतली, पुन्हा घेतली, पुन्हा पुन्हा घेतली. नाकातोंडातून रक्त आलं तेव्हा धुरपीने तिला केसांनी धरून होडीत ओढलं. पाणी खोल होतं. आता ओहोटीची वाट बघण्यावाचून इलाज नव्हता, आणि ओहोटीला कसली घाई?

ऊन कललं. तिघीजणी होडीत बसून राहिल्या. आणि मानकीने, इतक्या वेळात पहिल्यांदा, सुनेकडे तोंड केलं.

"तू ऐकत व्हतीस," ती म्हणाली. "आमी गात व्हतो, तुझे कान उघडे व्हते. शेवटाला काय म्हणाली ती?"

यसूने गालावरच्या वळावर पदर ओढला.

"शिव्या दिल्या मला?"

"नाय."

"मग? आये म्हणत व्हती?"

यसूला खोटं बोलता आलं असतं. तिला ते सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी त्या नजरेपुढे खोटं टिकलं नसतं.

"गात व्हत्या," ती म्हणाली. "तुमी सूर धरलात, तवा हाका थांबल्या. मग तुमच्या मागनं त्याबी गायला लागल्या. आनंदानं गात व्हत्या, आत्याबाय."

मानकीने ऐकून घेतलं. ती रडली नाही, तिने ऊर बडवून घेतला नाही. धुरपी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तो तिने सावकाश बाजूला सारला. होडीच्या काठावर दोन्ही हात ठेवून ती पाण्यात बघत बसली.

ओहोटी लागली. पाणी उतरू लागलं. हळू, हळू, कुणालाही उत्तर न देता. आधी भिंतीचा काळा माथा उघडा झाला, मग भिक्षूंच्या पायऱ्या, मग कालवांची पांढरी रेघ. आणि मग, पाण्याच्या वरच्या थरात, मोकळे सुटलेले, सोनेरी उन्हात डुलणारे, लांबसडक केस. मानकी वाकली. तिने दोन्ही हातांनी ते गोळा केले, पिळले, बोटांनी विंचरले. आणि पाणी चेहऱ्यापर्यंत उतरायच्या आत लेकीचा अंबाडा बांधायला घेतला.